यंदा हायडन

“पुन्हा ब्रुकनर?” लॉरेनने यादी टेबलावर टाकली. “मार्कस, गेल्या वर्षी माहलरपायी आपली अब्रू गेली, तेवढ्याने पोट नाही भरलं तुझं?”

मार्कस थीलनने यादी उचलून पुन्हा तिच्यापुढे सरकवली. विस्कॉन्सिनमधल्या त्या छोट्या गावच्या हौशी वाद्यवृंदाचा तो कंडक्टर. वादक सगळे दिवसभर कुठे कुठे राबून मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या बँडरूममध्ये जमणारे. आणि अशांपुढे हा गेली तीन वर्षं ब्रुकनर, माहलर अशा संगीतकारांची असली धुडं ठेवत होता. सव्वा सव्वा तासाच्या सिंफनी, आठ आठ हॉर्न, नुसता धुडगूस. वसंतातल्या कार्यक्रमासाठी यंदाही तेच.

लॉरेन व्होस्कल दुसऱ्या व्हायोलिनांच्या गटाची प्रमुख. तीस वर्षं दवाखान्यात लोकांचे दात साफ करण्यात गेलेली. घाण कुठे साचलीय ते तिला लगेच कळे. इथली घाण तिच्या शेजारीच बसे. ऑर्विल न्यूमायर, वय अठ्ठ्याहत्तर, चीजच्या कारखान्यातून निवृत्त. दोघांत मिळून एक स्टँड, त्यावर स्वरलिपीची एकच वही. गेली तीन वर्षं त्या स्टँडपाशी एक बेसूर घुटमळत होता, जरासा उतरलेला, नासलेल्या दुधाच्या घोटासारखा. लॉरेनला शिसारी यायची. ऑर्विलच्या खोकल्याच्या गोळ्यांच्या वासाचीसुद्धा तिला आता किळस येई.

तिला त्याची खुर्ची शेवटच्या रांगेत हवी होती. मार्कसला तिने दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा, एवढ्या गदारोळात कुणाला काय ऐकू येतंय, म्हणून त्याने विषय संपवला. म्हणजे म्हाताऱ्याला झाकायला हा असलं संगीत निवडतो तर! तिच्या डोक्यात तिडीक गेली.

“हायडन घे,” ती आता म्हणाली. “तीस जणांत नीट वाजेल. एकेक सूर ऐकू येईल.”

“म्हणूनच नको.”

“का? कुणाचं पितळ उघडं पडेल?”

कार्यक्रम ठरवणाऱ्या पाच जणांच्या समितीतले बाकीचे आपापल्या कागदांत पाहू लागले. ऑर्विलही समितीत होता. तो कॉफीचा कागदी कप हातात फिरवत बसला होता.

“अजून एक वर्ष ब्रुकनर होऊ दे ना, लॉरेन,” तो हळूच म्हणाला. “काय बिघडतंय?”

“तुझं काहीच नाही बिघडत रे. आमचे कान बिघडतात.”

त्याने मान खाली घातली. तिला जराही दया आली नाही. कळत असूनही खुर्चीला चिकटून राहणाऱ्या माणसाचा तिला वीट आला होता.

आठवडाभर तिने फोन करकरून समितीतल्या उरलेल्या दोघांना वळवलं. पुढच्या मंगळवारी मतं पडली: हायडनला तीन, ब्रुकनरला दोन. ते दोन कोण, हे सांगायला नको. लगेच तिने सगळ्यांसमोर मार्कसकडून कबूल करून घेतलं, की तालमीत ज्याचा बेसूर निघेल तो शेवटच्या रांगेत जाईल.

“कोणीही असो?” मार्कसने विचारलं.

“कोणीही,” ती म्हणाली. “मग कुणाचा वशिला चालायचा नाही.”

पहिल्या तालमीला, हायडनला लागत नसल्याने, पितळी वाद्यांच्या बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. संथ भाग सुरू झाला आणि बारा-पंधरा ओळींतच तो सूर आला. या वेळी तो सगळ्यांनाच ऐकू गेला. पुढे बसलेल्या चेलोवाल्या बाईने वळून पाहिलं. मार्कसने हात खाली घेतला आणि, असू दे, पुढे जाऊ या, म्हणाला.

“असू दे कसं?” लॉरेन म्हणाली. “आमच्या स्टँडवरूनच येतोय तो. आम्ही दोघंच वाजवतो. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष.”

ऑर्विलने मार्कसकडे पाहिलं. मार्कसने खिडकीकडे.

दोघं वाजवू लागले. बँडरूममध्ये दुसरा आवाज नव्हता. बेसूर स्वच्छ ऐकू येत होता, आणि लॉरेन मुद्दाम जोर लावून वाजवत होती, म्हणजे कुणाला शंका राहायला नको. पान संपत आलं. पान उलटायचं काम आतल्या बाजूच्या वादकाचं. प्रमुखाने वाजवत राहायचं असतं. ऑर्विलने तारांवरून बो काढून खाली घेतला, व्हायोलिन मांडीवर ठेवलं आणि सावकाश पान उलटलं.

बेसूर तसाच चालू राहिला.