ऑफसाइड कुणी समजावला

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच दुपारच्या सामन्यासाठी टीव्ही लावताच यशवंत सरनोबतांचा स्वतःचाच आवाज म्हणाला, "या वहिनी. चार सामने चुकवलेत. साहेब झोपले ना आत? मग हळूच बोलतो."

सरनोबतांनी टीव्हीवर बावीस वर्षं कोल्हापूरच्या फुटबॉलचं समालोचन केलं होतं. निवृत्त होताना त्यांनी आपला आवाज वाहिनीला लिहून दिला. तेव्हापासून तो यंत्रातून घरोघरी, ज्याच्या त्याच्याशी बोलत होता. सरनोबतांना तो सहन होत नसे, म्हणून घरात फुटबॉल बंद होता. निदान त्यांना तसं वाटत होतं.

"वहिनी गेली," ते म्हणाले. "महिना झाला. मी तिचा नवरा."

"फार वाईट झालं."

"काय बोलायची तुझ्याशी?"

"ऑफसाइड म्हणजे काय, ते विचारायच्या. प्रत्येक सामन्याला."

लग्नानंतर शालननं हे त्यांनाही एकदा विचारलं होतं. तालमीतल्या मित्रांसमोर ते मोठ्यानं हसले होते. पुन्हा तिनं विचारलं नाही.

"तू हसायचास?"

"नाही. परत सांगायचो."

सरनोबतांना त्या आवाजाचा गळा धरावासा वाटला. "कळलं का तिला शेवटी?"

"कळलं की. शेवटच्या सामन्यात पंचांच्या आधी त्याच ओरडल्या. इतक्या खूश झाल्या, म्हणाल्या, यांना उठवून सांगू का?"

"मग?"

"मी म्हटलं, झोपू द्या त्यांना."