सद्यस्थिती

"वाचून दाव आदी. वाचल्याबिगर मी सही करत न्हाई," अल्लाबक्षचाचा म्हणाले आणि ओले हात पंच्याला पुसत मेसच्या पायरीवर बसले.

आता आली का पंचाईत! श्रद्धाला वाटलं होतं, चाचा कागद न बघताच सही ठोकतील. दुसरं कुणी असतं तर ठोकलीही असती.

श्रद्धा आटपाडीच्या या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. पर्यावरण मंडळाची अध्यक्ष. मेसचं सांडपाणी गाळून पाइपानं आवारातल्या झाडांना द्यायचं, असा मंडळाचा प्रस्ताव होता आणि तो आज पाचच्या आत पुण्याच्या संस्थेकडे जायला हवा होता. सगळे रकाने भरून झाले होते. फक्त 'सद्यस्थिती'च्या पानावर कॉलेजच्या एका जुन्या कर्मचाऱ्याची सही राहिली होती. मेसमध्ये बावीस वर्षं काढलेला माणूस एकच होता.

तिनं भरभर वाचलं. "आवारात सांडपाण्याच्या पुनर्वापराची कोणतीही व्यवस्था नाही. मेसचे सर्व पाणी गटारात जाते. पाण्याअभावी उन्हाळ्यात रोपे जळतात."

समोर करंज आणि चिंचेची चाळीसएक रोपं उभी होती. मागं कडुलिंबांची सावली पडली होती. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी दोन्ही हातांत बादल्या घेऊन, सकाळ-दुपार, चाचांनीच त्यांना पाजलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

"सगळं गटारात?" त्यांनी विचारलं.

"असंच लिहावं लागतं, चाचा."

"खोटं?"

श्रद्धाचा चेहरा पडला. प्रस्ताव कसा लिहायचा, या सांगलीच्या शिबिरात दोन दिवस हेच तर घोकून घेतलं होतं. उणीव दाखवा. जे चाललंय ते लिहू नका, चाललेल्या गोष्टीला कुणी पैसे देत नाही. गेल्या वर्षीच्या प्रस्तावात तिनं खरं ते लिहिलं होतं. चाचांचं नाव घातलं होतं, बादल्या उचललेला त्यांचा फोटो लावला होता. संस्थेचं उत्तर एका ओळीत आलं: उपक्रम सुरळीत सुरू असल्याने निधीची निकड दिसत नाही. तो फोटो मात्र चाचांनी मागून घेतला होता. घरी त्यांच्या बायकोनं, सुगराबीचाचींनी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, हे श्रद्धाला माहीत होतं. म्हणून तर तिला मान वर करवेना.

"मला लय वाईट वाटतंय चाचा. शप्पथ."

"ऱ्हाऊ दे गं. एवढं सांग, पाइप आला म्हंजे मी गेल्यावबी पाणी जाईल न्हवं झाडास्नी?"

चाचा मे अखेरीला रिटायर होणार होते. त्यांच्या जागी येणाऱ्या आकारामला त्यांनी झाडांचं विचारून बघितलं होतं. तो हसला होता. म्हणाला, चाचा, मला भांडी घासायला ठेवलंय.

"जाईल. आपोआप जाईल. कुणी उचलायला नको," श्रद्धा म्हणाली.

"मग आण हिकडं."

त्यांनी कागद मांडीवर घेतला. एकेक अक्षर दाबून पूर्ण नाव लिहिलं आणि पेन टोपण लावून परत दिलं.

तेवढ्यात सुमंत सर घाईघाईनं आले. मंडळाचं काम तेच बघत. माणूस वाईट नव्हता. या प्रस्तावापायी तीन रविवार त्यांनी घरी तोंड दाखवलं नव्हतं. सही बघून त्यांनी हातच जोडले.

"चाचा, उपकार झाले. आता अजून एक. पुढच्या मंगळवारी पाहणीला संस्थेची माणसं येणार आहेत. फोटो काढतील. तोपर्यंत झाडांना पाणी घालू नका. आळी ओली दिसली, की गेल्या वर्षीचीच गत."

"आठ दिस?" चाचा उठून उभेच राहिले. "आवं सर, चैताचं ऊन हाय. औंदा लावल्याली रोपं हायत ती. मुळं अजून खाली गेली न्हाईत."

"काही जळतील, कळतंय मला. पण पाइप आला की आपण चारशे लावू." सरांना ते बोलतानाच कसंतरी झालं असावं, कारण पुढं ते श्रद्धाकडं बघून बोलले. "तू तरी सांग यांना."

श्रद्धा पायरीकडं बघत राहिली. चाचांनी थोडा वेळ वाट बघितली. तिनं एक शब्द काढला असता तर त्यांनी ऐकून घेतला असता, इतकी वाट बघितली. मग ते आत गेले आणि दुपारच्या तांदळाचं पाणी भरलेल्या दोन बादल्या घेऊन बाहेर आले. पाय सवयीनं रोपांकडं वळले होते, ते त्यांनी परत फिरवले.

गटाराच्या कडेला त्यांनी बादल्या टेकवल्या. एक उचलली, तिरकी धरली, परत सरळ केली. पुन्हा तिरकी धरली.

"श्रद्धा," त्यांनी हाक मारली. एरवी ते तिला पोरी म्हणत. "तू वत बाय. माझ्या हातानं हुईना."

ती गेली. वाकून तिनं कडी धरली. तीन वर्षांत तिनं त्या बादलीला कधी हात लावला नव्हता. एका हातानं ती जमिनीवरनं हलेना.