रांधणारी बाई

फौजदाराने कागद हातात घेतलाच नाही.

"तो राहू द्या, भागाबाई. आता तुमचं बोलू."

भागाबाईला काही कळेना. कागद तिच्या नवऱ्याचा होता. कार्लसाहेब, धुळ्याच्या कापसाच्या प्रेसमधला जर्मन मिस्त्री. लढाई लागल्यापासून म्हाताऱ्याला दर महिन्याला या पोलीस कचेरीत हजेरी देऊन राहण्याची मुदत वाढवून घ्यावी लागे. ती सोबत यायची आणि बाहेर लिंबाखाली बसून राहायची. गेल्या पंधरवड्यात तो वारला. कागद परत दिला की कचेरीचा संबंध संपला, असं ती धरून चालली होती.

फौजदाराने दार लोटलं.

"जर्मन माणसाची लग्नाची बायको जर्मनच धरतात. नवरा गेला तरी. वरून हुकूम आलाय, राहिलेसाहिले सगळे उचला. लढाई संपेपर्यंत तारेच्या कुंपणात. बाहेर गाडी पाहिली ना?"

तिने पाहिली होती. खिडक्यांना जाळी होती.

"मी जर्मन?" ती म्हणाली. "मी नरडाण्यानी शे, साहेब. धुळं सोडीसन काही देखेल नही."

"म्हणूनच सांगतो. लग्न लावणारा पाद्री त्याच्या देशी परत गेला. दुसरा पुरावा नाही. तुम्ही त्यांच्याकडे स्वयंपाकाला होतात, एवढंच आत बोला आणि घरी जा. पण जपून. आतल्या गोऱ्या साहेबाला इथल्या चालीरीती सगळ्या ठाऊक आहेत."

भिंतीशी तिचा धाकटा भाऊ जीवराम उभा होता. लग्न झाल्यापासून त्याने तिला उंबरा चढू दिला नव्हता. बहीण गोऱ्याने ठेवलेली आहे, असं गावभर सांगत फिरला होता. आज तोच बैलगाडी जुंपून आला होता.

"हो म्हन, अक्का. रांधणारी व्हती म्हन. मी तुले घर लई जास."

भागाबाईला कबर आठवली. माती अजून ओली होती. ती गेली तर तिथे दिवा कोण लावणार?

लग्नात पाद्र्याने तिला नवऱ्याचं नाव घ्यायला सांगितलं, तेव्हा तिने तोंडात पदर कोंबला होता. पाद्री सांगून सांगून थकला. कार्लसाहेब पोट धरून हसला. पुढे संसारभर ती त्याला 'ऐकलं का' म्हणून हाक मारायची. शेवटी शेवटी त्याला ते आपलं नावच वाटायला लागलं होतं.

"सांगते," ती म्हणाली.

आतला गोरा साहेब खानदेशात मुरलेला होता. मान खाली घालून लिहीत होता.

"काय काम करायचीस?"

"रांधायचे, साहेब."

दाराशी जीवरामने श्वास सोडला.

"कोणाकडे? नाव सांग."

भागाबाईने तोंड उघडलं. टाक थांबला. बाहेर कुणीतरी गाडीचं इंजिन सुरू केलं. फौजदार डोळ्यांनी म्हणत होता, बोला, बाई, बोला. साहेबाने मान वर केली.

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि भावाकडे वळली.

"तूच सांग ना रे, जीवराम. त्यासनं नाव मी कशी लेऊ?"