चार हिवाळे

हिवाळी टायर घ्यायचे की चाकांना बांधायच्या साखळ्या, यावरून संहिता आणि तिचा नवरा अनिमेष महिनाभर वाद घालत होते. शेवटी अनिमेषनं साखळ्याच आणल्या. आज नेदरलँड्समधल्या आर्नहेमहून न्यूनेनला घरी परतताना बर्फानं गाठलं आणि हायवेवरची गाड्यांची रांग तीन तास जागची हलली नाही. साखळ्या डिकीत तशाच पडून होत्या.

"मी सांगत होते, टायर घे. चार हिवाळे बिनघोर गेले असते," संहिता चिडून म्हणाली.

अनिमेषनं इंजिन बंद केलं. "आपल्याकडे चार हिवाळे नाहीत गं. कंपनी माझं वर्क परमिट वाढवत नाहीये. मार्चमध्ये पुण्याला परत जावं लागणार."

"कधी कळलं तुला?"

"सप्टेंबरात."

"आणि ऑक्टोबरात मी एप्रिलसाठी ट्यूलिपचे कंद लावत होते, तेव्हा खड्डे तूच खणून देत होतास!"

संहितानं तिरमिरीत दार उघडून पाय बाहेर टाकला. तो घोट्यापर्यंत बर्फात रुतला. पुढे गाड्या, मागे गाड्या. तिनं पाय आत घेतला, दार लावलं आणि पुन्हा त्याच्याच शेजारी बसून राहिली.