मिठाचं पाणी

धम्मपाल चाकणच्या कंपनीतून शिफ्ट संपवून घरी आला तेव्हा बाथरूममधून लेकीच्या किंकाळ्या येत होत्या. सहा वर्षांची झाली तरी ती बोलत नव्हती. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला होता. बायकोनं तिला मिठाच्या पाण्याच्या टबात दाबून धरलं होतं. “रडू द्या हो. व्हिडिओत सांगितलंय, रडलं म्हणजे आतलं विष बाहेर पडतं.” लेकीनं स्वतःच ओरबाडून सोललेले गुडघे त्याला दिसले. त्यानं आपला हात टबात घातला. प्रेसशॉपमध्ये पत्र्यानं कापलेली बोटं अशी चुरचुरली की तो कळवळला. किंकाळ्या थांबल्या. लेकीनं त्याचा हात पाण्यातून ओढून काढला, तोंडाशी नेला आणि फुंकर घातली. “अगं, हे पाणी झोंबतंय तिला!” तो म्हणाला. बायकोला ऐकूच गेलं नाही. “अहो, फुंकर घातली तिनं! गुण आला!” म्हणत तिनं उरलेलं मीठही टबात ओतलं.