घराची खूण

ड्रोन बेटाआड गेला आणि तिच्या हातातल्या रिमोटचा पडदा काळा पडला.

तिने एकेक बटण दाबून पाहिलं. रिमोट उन्हाने चटका बसेल इतका तापला होता. तिच्या तोंडचं पाणी पळालं. चहूकडे जलाशय पसरलेला, आणि त्यावर कुठेतरी प्रयोगशाळेचा एकुलता एक ड्रोन. पाण्यावर जलपर्णी किती माजली आहे, ते वरून टिपून आणायचं होतं. तिचं हे पहिलंच स्वतंत्र काम. ड्रोन हातात देताना मॅडम म्हणाल्या होत्या, "पाण्यावर नेतेयस. तो परत आला नाही, तर तूही येऊ नकोस." मॅडम हसल्या होत्या खऱ्या, पण अर्ध्याच.

"काय झालं, शास्त्रज्ञबाई?" होडीच्या मागच्या टोकाला बसलेल्या बाबांनी विचारलं. होडी त्यांचीच होती. लेकीच्या कामासाठी आज त्यांनी प्रवासी घेतले नव्हते.

"संपर्क तुटला."

"मग गेला म्हणायचा."

"नाही हो. संपर्क तुटला की तो आपोआप घरी येतो." ती स्वतःलाच धीर देत होती. "उडतानाच घराची खूण लक्षात ठेवतो. मघाशी पडद्यावर छोटं घर दाखवलं ना तुम्हाला, तीच ती."

"बरंय." बाबा पाण्याकडे बघत म्हणाले. "संपर्क तुटल्यावर घरी येणारा निदान एक तरी आहे."

टोमणा कुणाला होता, हे विचारायची गरज नव्हती. काही वर्षांपूर्वी दादा बाबांशी कडाडून भांडून घराबाहेर पडला होता. "फोनबिन करणार नाही. यायचं झालं तर थेट दारात येऊन उभा राहीन," असं अंगणातून ओरडून गेला. त्याचा नंबरही बंद झाला. बाबा तरी कुठे कमी होते? "घर त्याला ठाऊक आहे," एवढंच त्यांचं पालुपद. गेल्या वर्षी ते घर विकून ती दोघं दूर इथे, जलाशयाच्या काठी राहायला आली. सामान बांधताना तिने विचारलं होतं, दादाच्या मित्राकडे नवा पत्ता दिलात ना? "दिलाय," म्हणून बाबांनी खोकं उचललं होतं. नव्या घरात पहिले काही महिने दार वाजलं की ती धावत जायची. मग धावणं थांबलं. पुढे पुढे दादाचं नाव निघालं की तिच्याही कपाळाला आठी पडू लागली. पत्ता मिळूनही जो येत नाही, त्याच्यासाठी किती झुरायचं?

"तो बघ, आला!" बाबा ओरडले.

बेटाच्या झाडांवरून एक ठिपका निघाला होता. उंचावरून, अगदी सरळ रेषेत. तिच्या जिवात जीव आला. तिने रिमोट बंद करून पुन्हा सुरू केला, पण पडद्यावर नुसतंच चक्र फिरत राहिलं. ठिपका मोठा होत गेला. त्याची भुणभुण ऐकू येऊ लागली. मग तो थांबला. होडीवर नव्हे. लांब, नांगरून ठेवलेल्या लाल पिंपाजवळ, मोकळ्या पाण्यावर. आणि हळूहळू खाली उतरू लागला.

ती बघतच राहिली. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ड्रोन त्या पिंपापाशीच उडवला होता. इंजिन तेव्हापासून बंद होतं, आणि वाऱ्याने होडीला गुपचूप इथवर लोटत आणलं होतं.

"बाबा, इंजिन सुरू करा! तो पाण्यात उतरतोय!"

"पाण्यात कशाला? आपण इथे आहोत की."

"ते त्याला काय माहीत! निघाला तेव्हा आपण तिथे होतो. घर हललं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही!"

बाबांनी इंजिनाची दोरी धरली होती. त्यांचा हात तसाच राहिला.

"बाबा!"

तशी त्यांनी दोरी अशी खेचली, की ती तुटायचीच.

ते पोचले तेव्हा ड्रोन पाण्यापासून हातभर वर घुटमळत होता. पोटाखालच्या कॅमेऱ्याने तो जमीन शोधत होता आणि खाली नुसत्या लाटा हलत होत्या. जरा उतरायचा, बिचकायचा, वर व्हायचा, पुन्हा उतरायचा. पण ती जागा काही सोडत नव्हता. ती काठावरून वाकली. बाबांनी मागून तिचा पट्टा घट्ट धरला. एका पात्याने तिच्या बोटाचं सालपट काढलं, पण ड्रोनचा पाय हाती लागला. तिने तो उलटा केला, तशी पाती थांबली.

"वाचले!" ती मटकन बसली. बोट तोंडात धरून हसू लागली. "मॅडमनी मला याच पाण्यात बुडवलं असतं."

बाबा हसले नाहीत. त्यांनी इंजिन बंद केलं.

"घर हललं, हे याला कळवायची काही सोय नसते?"

"असते ना. एक बटण दाबायचं फक्त. मी विसरले."

लाल पिंप होडीला घासत खालीवर होत होतं. ड्रोन जिथे घुटमळत होता, त्या जागेकडे बाबा बराच वेळ बघत बसले.

"तुझ्या दादाच्या मित्राला मी पत्ता दिलाच नव्हता," ते म्हणाले. "आणि मी काही विसरलो नव्हतो."