आठव्याला थांबायचं

“परत आठव्याला घोळ! किती दिवस झाकायचं असं?” माइकची वायर गुंडाळता गुंडाळता बायको पुटपुटली. अगदी स्वतःशीच.

पण तालमीची खोली ती केवढीशी, आणि कान गिटारवाल्या नवऱ्याचा. त्याने ऐकलं, आणि ॲम्प्लिफायरचं बटण उगाच फिरवत राहिला.

घोळ कोणाचा, हे विचारायला नकोच होतं. धाकटा भाऊ ड्रमच्या मागे मान खाली घालून बसला होता.

तिघांच्या बँडचं सगळं नाव एका तोलावर उभं होतं. आधी गिटारचा जड रिफ. तोच तुकडा आठ वेळा, छातीवर घण घातल्यासारखा. आठव्याला तिघं एकदम गप्प. मग त्या शांततेतून त्याचे लांबवलेले, विरत जाणारे सूर, आणि त्यांवर बायकोचा आवाज.

“डोंगर असेल तरच धुक्याला शोभा,” तो म्हणायचा.

“झालं, हवामान खातं सुरू झालं,” ती म्हणायची.

गेलं वर्षभर मात्र धाकटा आधीच थांबायचा. सातव्याला, कधी सहाव्यालाच. बायकोही आपली बास गिटार सोडून त्याच्याबरोबर थांबायची, दिराची लाज राखायला. रिफ एकटा पडायचा. एकदा तर समोरचे लोक हसले. तेव्हापासून तिने गाण्यांतला एकेक डोंगर काढून टाकायला घेतला. “नुसतं धुकं ठेवू या. त्यात मोजावं लागत नाही.” किती जपते पोराला, असं वाटून त्याला भरून यायचं.

आता एकच जड गाणं उरलं होतं. दोघा भावांनी मिळून बांधलेलं, सगळ्यात पहिलं. ते काही तो सोडणार नव्हता.

त्याने थर्मास उघडला. “चहा घे.”

“आत्ताच झाला की, दादा.”

“मग अर्धा घे.”

धाकट्याने निमूट कप पुढे केला.

“हे बघ, रागावू नकोस. शनिवारी मी दुसरा ड्रमवाला बोलावतोय.” धाकट्याच्या हातात पहिल्या काठ्या त्यानेच दिल्या होत्या. “हे एवढं एक गाणं मला नीट वाजवायचंय रे.”

धाकट्याने काठ्या पिशवीत घातल्या.

“बरोबर आहे, दादा. माझंच मोजणं चुकतं.”

“वाईट वाटून घेऊ नकोस.”

“छे! नव्याला फक्त सांग, मनात मोजत बसू नकोस म्हणावं. दादाच्या हाताकडे बघ, आणि तो थांबला की थांब.”

तो दाराशी पोचला, तशी बायको आडवी आली. तिने त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

“वहिनी, नको. मी जातो ना.”

तिने ऐकलं नाही. ती नवऱ्यासमोर येऊन बसली. तारांवरचा त्याचा हात तिने दोन्ही हातांत धरला.

“अरे, तो आठव्यालाच थांबतो. पुढचं तू एकटाच वाजवत राहतोस.”